भर दुपारची शुभ्र पालवी

निसर्गाचे छायाचित्र सकाळी घ्यावे किंवा सांजवेळी, असा छायाचित्रकारांचा जुना संकेत आहे. माध्यान्हीच्या उन्हात सावल्या आखडतात, आकाश फिके पडते, हिरवाई करपल्यासारखी दिसते. परंतु छायाचित्रणाच्या एका शाखेला नेमकी हीच वेळ मानवते. तिचा इतिहास आम्हांला उद्बोधक वाटतो.

इ. स. 1800 मध्ये इंग्लंडमधील खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन वर्णपटातील निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. त्या अदृश्य किरणांना आज आपण अवरक्त किरण म्हणतो.

या किरणांत निसर्ग कसा दिसतो, हे 1910 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट वुड यांनी जगापुढे मांडले. दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर त्यांनी भिंगापुढे बसवला. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा या किरणांना मंद प्रतिसाद देत. लख्ख उन्हातही प्रकाश मिनिटे मिनिटे आत घ्यावा लागे. चित्रे उमटली तेव्हा आकाश काळेभोर आणि झाडांची पाने हिमासारखी शुभ्र होती!

याचे कारण पानांच्या रचनेत आहे. हरितद्रव्य हे किरण जवळजवळ शोषतच नाही. पानातील पेशी व हवेच्या पोकळ्या ते विखरून परत पाठवतात. हवेत मात्र ते फारसे विखुरत नाहीत. 800 नॅनोमीटर लांबीची लहर 400 नॅनोमीटरच्या लहरीच्या केवळ सोळाव्या हिश्शाने विखुरते. म्हणून निरभ्र आकाश काळवंडते, आणि ऊन जितके प्रखर तितके चित्र ठसठशीत.

याच वुड यांची आणखी एक कथा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फ्रान्समधील नान्सी येथील प्राध्यापक ब्लाँदलो यांनी 'एन-किरण' सापडल्याचे जाहीर केले होते. 1904 मध्ये वुड तेथे गेले आणि प्रयोग चालू असता अंधारात त्यांनी उपकरणातील लोलक हळूच काढून घेतला. तरीही निरीक्षकांना किरण 'दिसत'च राहिले! एक अदृश्य किरण खोटा ठरवणाऱ्या माणसानेच सहा वर्षांनी दुसऱ्या अदृश्य किरणाचे चित्र सर्वांच्या हाती दिले.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ही विद्या शत्रूचा मागमूस काढण्यास वापरली गेली. तोडलेल्या फांद्यांनी वा हिरव्या रंगाने झाकलेली तोफ साध्या डोळ्यांना फसवी. या चित्रात जिवंत पालवी आणि तिचे सोंग वेगळे पडे. 1972 मध्ये अमेरिकेने सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाने हीच दृष्टी पिकांच्या व रानांच्या पाहणीकडे वळवली.

कोडॅकची प्रसिद्ध अवरक्त फिल्म 2007 मध्ये बंद झाली. आता डिजिटल कॅमेऱ्यांवर हेच काम चालते. परंतु न दिसणाऱ्या गोष्टींविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने, आम्हीही त्यांतलेच, वुड यांचे दोन्ही प्रयोग एकत्र वाचावेत, असे आम्हांला मनापासून वाटते.