कुक समाविष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड जमैकाचा आहे, त्यात जेम्स बाँडही येणार आहे. पण सुरुवात अलिबागहून, आमच्या घरून.

आमचं घर म्हणजे खरं तर दुसऱ्याच्या बंगल्यामागच्या दोन खोल्या. बाबा बाग आणि बंगला सांभाळतात, आई स्वयंपाक करते. मालक मुंबईचे. पूर्वी ते दिवाळीत आणि मे महिन्यात यायचे, बाकी वर्षभर बंगला बंद. मग २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाडी बोटीत घालून येता यायला लागलं. पाठोपाठ वर्क फ्रॉम होम आलं. आणि बघता बघता बंगल्याचा ‘व्हिला’ झाला. आता शुक्रवारी रात्री पंधरा-वीस जणांचा ग्रुप उतरतो, दोन कुटुंबं किंवा ऑफिसची गँग, आणि रविवारी संध्याकाळी जातो.

गेल्या दिवाळीत मालक मला म्हणाले, “तू छान लिहितेस, अ‍ॅपवर टाकायला व्हिलाची माहिती नीट करून दे.” जुना मसुदा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सुविधांची यादी होती: स्विमिंग पूल, वायफाय, इन्व्हर्टर, बार्बेक्यू, कुक (चोवीस तास), पार्किंग.

म्हणजे माझी आई बार्बेक्यू आणि पार्किंगच्या मधे.

खरं सांगते, आधी हसू आलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “बरोबरच आहे की गो, मी असतेच की इथं.” पण माझ्या डोक्यातून ते जाईना. घराबरोबर माणूसही भाड्याने द्यायची ही पद्धत आली कुठून?

आपल्याकडचं जुनं उत्तर म्हणजे डाक बंगला. इंग्रजी अमलात मोठ्या रस्त्यांवर दहा-पंधरा मैलांवर एकेक सरकारी बंगला असायचा. खाट, टेबल, न्हाणीघर आणि एक खानसामा. साहेबाची पालखी आवारात शिरली की खानसामा कोंबडीच्या मागे धावायचा, आणि साहेब अंघोळ करून येईपर्यंत ती ताटात. त्या कोंबडीला इंग्रजांनी नाव ठेवलं होतं ‘सडन डेथ’. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची रीतसर नोंद आहे. विनोद कोंबडीवर आहे, पण पळापळ खानसाम्याची होती हे कुणी लिहीत नाही.

पण डाक बंगला प्रवासातल्या मुक्कामासाठी. समुद्रकाठचं आख्खं घर, माणसांसकट, सुट्टीसाठी आठवड्याच्या भाड्याने, हा प्रकार कसा रुजला ते बघायचं तर जमैकाला जायला हवं.

कॅरिबियन समुद्रातलं हे बेट, इंग्रजांची उसाची वसाहत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या घामावर साखर पिकायची, आणि मळ्याच्या टेकडीवर मालकाचं ‘ग्रेट हाऊस’ असायचं. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण मुक्त माणसांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मळ्यांवर राबवलं. खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ ला. मजूर कमी पडायला लागले तेव्हा मळेवाले वळले हिंदुस्थानकडे. १८४५ मध्ये गिरमिटियांचं पहिलं जहाज जमैकात पोचलं, आणि पुढच्या सत्तरेक वर्षांत सुमारे ३६ हजार माणसं गेली, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची. जमैकात आज लग्नकार्याला जे बकऱ्याचं ‘करी गोट’ लागतंच लागतं, ते या लोकांनी नेलेल्या मसाल्यातून आलंय. (हे वाचून मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “वाटण काय घालतात?” अजून शोधतेय.)

आता बाँड. दुसऱ्या महायुद्धात इयन फ्लेमिंग नावाचा ब्रिटिश नौदल गुप्तचर खात्यातला अधिकारी एका परिषदेसाठी जमैकात आला आणि बेटाच्या प्रेमात पडला. १९४६ मध्ये त्याने ओराकाबेसा गावाजवळ समुद्राला लागून सुमारे १५ एकर जागा घेतली. पूर्वी तिथे गाढवांच्या शर्यती व्हायच्या! घर बांधलं, नाव ठेवलं ‘गोल्डनआय’. खिडक्यांना काचा नाहीत, नुसत्या लाकडी झडपा. सुरुवातीला गरम पाणीही नाही.

फ्लेमिंग लंडनला वर्तमानपत्रात नोकरी करायचा. करारातच त्याने दरवर्षी दोन महिन्यांची रजा लिहून घेतली होती. म्हणजे जानेवारी ते मार्च हा माणूस जमैकात, आणि उरलेले दहा महिने घर रिकामं.

इथे थांबा, कारण सगळी गोष्ट या रिकाम्या महिन्यांची आहे. समुद्रकाठचं घर कुलूप लावून ठेवता येत नाही. आमच्याकडे विचारा! खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजतात, पावसाळ्यात गाद्यांना बुरशी येते, वाळवी दाराची चौकट आतून खाऊन टाकते, नारळाची झापं कौलांवर पडतात. चार महिने कुणी फिरकलं नाही तर बागेचं रान होतं. म्हणजे मालक असो-नसो, माणसं बारा महिने लागतात. मग त्यांचा पगार कुठून काढायचा? घर भाड्याने देऊन. पाहुण्यांना वाटतं, हा नोकरवर्ग आपल्या सेवेसाठी ठेवलाय. खरं तर तो घर जगवायला ठेवलेला असतो, आणि पाहुणे त्याचा खर्च भागवायला येतात.

गोल्डनआय सांभाळणाऱ्या बाईचं नाव व्हायोलेट कमिंग्ज. फ्लेमिंग १९६४ मध्ये वारला, तोपर्यंत घर तिच्याच हाती होतं. अगदी सुरुवातीच्या भाडेकरूंपैकी एक होता नाटककार नोएल कॉवर्ड. १९४८ मध्ये त्याने आठवड्याला ५० पौंड भाड्याने घर घेतलं, घराच्या गैरसोयींची यथेच्छ टिंगल केली, नावाची फोड करून त्याला ‘डोळे, नाक, घसा’ असं दवाखान्याचं नावही दिलं. आणि मग? जवळच जागा घेऊन स्वतःचं घर बांधलं. १९५२ च्या सुरुवातीला याच घरात फ्लेमिंगने ‘कॅसिनो रोयाल’ लिहिली, पहिली बाँड कादंबरी. सकाळी पोहायचं, न्याहारी करायची आणि मग लिहायला बसायचं. ती न्याहारी व्हायोलेटच्या स्वयंपाकघरातून यायची.

१९५६ च्या नोव्हेंबरात तर चक्क ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन इथे येऊन राहिले. सुएझ प्रकरणात हात पोळलेले, तब्येत खालावलेली. तीन आठवडे राहिले, परत गेले आणि जानेवारीत राजीनामा दिला. एका साम्राज्याचा पडता काळ, आणि पंतप्रधान ज्या घरात विसावले तिथल्या चाव्या एका जमैकन बाईकडे! मी सिनेमा काढला असता तर तो या तीन आठवड्यांवर काढला असता, आणि बाँडला घेतलंच नसतं.

फ्लेमिंगचं घर एकट्याचं होतं. त्याची पद्धत झाली ‘राउंड हिल’मध्ये. माँटेगो बेच्या पश्चिमेला, जुन्या मळ्याच्या जमिनीवर, जॉन प्रिंगल नावाच्या जमैकन माणसाने १९५३ मध्ये हे सुरू केलं. श्रीमंतांनी हिस्सा घेऊन एकेक कॉटेज घ्यायचं, आपण नसताना ते पाहुण्यांना द्यायचं, भाडं वाटून घ्यायचं. प्रत्येक घराला स्वतःची कामवाली माणसं. कॉवर्ड इथेही पहिल्या खरेदीदारांत. आजही जमैकात व्हिला घेतला की स्वयंपाकीण, घर आवरणारी आणि माळी बहुधा त्यात धरलेलेच असतात. वाणसामानाचा खर्च पाहुण्यांचा, आणि निघताना भाड्याच्या दहा-पंधरा टक्के टिप द्यावी असा रिवाज. आपल्याकडे जेवणाचे माणशी पैसे लावतात, टिप ज्याच्या-त्याच्या मनावर. कुणी दोन हजार ठेवून जातं, तर कुणी उरलेलं कोल्ड्रिंक.

गोल्डनआय पुढे १९७६ मध्ये बॉब मार्लीने घेतलं आणि मग ते ख्रिस ब्लॅकवेलकडे गेलं, ज्याने मार्लीचे रेकॉर्ड काढले तोच. आज तिथे रिसॉर्ट आहे. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी तारीख: १९७५. त्या वर्षी मायकल मॅन्ली यांच्या सरकारने राष्ट्रीय किमान वेतन आणलं, आणि घरकाम करणाऱ्या बायकाही त्यात आल्या. घरकामगारांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, त्याला जमैकाने २०१६ मध्ये मान्यता दिली. भारताने करार होताना बाजूने मत दिलं, मान्यता अजून दिलेली नाही.

तर त्या मसुद्याचं काय झालं? मी नवा लिहिला. सुविधांच्या यादीतून कुक काढला आणि वरती वेगळा परिच्छेद टाकला. आईचं नाव, तिच्या हातचं जिताड्याचं कालवण, थंडीत आधी सांगितलं तर बाबा लावतात ती पोपटी. खाली लिहिलं: रात्री दहानंतर स्वयंपाकघर बंद, मंगळवारी सुट्टी.

आईला दाखवलं. ती घाबरली. “मंगळवारचं काढ. पार्टी गेली तर मालक काय म्हणतील?” मी नाही काढलं. आम्ही दोन दिवस धड बोललो नाही.

मालकांनी वाचून अंगठा पाठवला. चार दिवसांनी अ‍ॅपवर बघितलं तर आईचा परिच्छेद जसाच्या तसा होता, जिताड्यासकट. मंगळवारची सुट्टीही होती. ‘रात्री दहानंतर’ हे मात्र गेलं होतं, आणि खाली यादीत, बार्बेक्यू आणि पार्किंगच्या मधे, ‘चोवीस तास’ परत आलं होतं.

आता पुढच्या शनिवारी पाहुणे नाहीत. मी मालकांना फोन लावणार आहे. आई म्हणते, फोन स्पीकरवर ठेव.