सांबा: ऐकून शिकलेला प्रोटोकॉल

कार्यालयातील विंडोज संगणकावर तुम्ही सामायिक फोल्डर उघडता. ते फोल्डर ज्या सर्व्हरवर आहे, तो लिनक्सवर चालत असला तरी तुमच्या लक्षात येत नाही. ही किमया सांबा या मुक्त सॉफ्टवेअरची.

डिसेंबर १९९१ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल कॅनबेरा येथील विद्यापीठात पीएच.डी. करत होते. त्यांना आपल्या डॉस पीसीवरून युनिक्स यंत्रावरील फाइली हव्या होत्या. पीसीवरच्या डिजिटल कंपनीच्या सॉफ्टवेअरचे नियम हाती नव्हते. म्हणून त्यांनी नेटवर्कवरून जाणारी पॅकेट्स पकडली आणि वाचायला घेतली. आपण वाचतो आहोत तो एसएमबी प्रोटोकॉल आहे, हे त्यांना मागाहून कळले!

ही रीत समजून घ्या. ट्रिजेल फ्रेंच कॅफेचा दाखला देत. आपण मदुराईचे उपाहारगृह घेऊ. तुम्हाला तमिळ येत नाही. शेजारचा काही म्हणतो, वेटर पाणी आणतो. एक शब्द कळला. पुढे तुम्ही स्वतः बोलून पाहता. एसएमबीत आज्ञेला एक बाइट, म्हणजे २५६ शक्यता. त्या सगळ्या पाठवून पाहायच्या. अनोळखी आज्ञेला सर्व्हर एक त्रुटी-संकेत देतो, ओळखीच्या पण अर्धवट आज्ञेला दुसरा. या फरकातूनच लपलेल्या आज्ञा सापडतात.

नावाचीही गंमत आहे. आधीच्या ‘एसएमबीसर्व्हर’ नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा ट्रिजेल यांनी शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यात ‘सांबा’ मिळाला.

पण मायक्रोसॉफ्ट प्रोटोकॉलमध्ये भर घालत राहिली आणि ऐकून शिकणारा नेहमी एक पाऊल मागे राहिला. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने कंपनीला सुमारे ४९.७ कोटी युरो दंड केला आणि प्रोटोकॉलची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय बव्हंशी कायम ठेवला. खरी अडचण यानंतरची होती. माहिती गुप्त ठेवण्याच्या अटीवर मिळाली, तर ती मुक्त स्रोतात लिहायची कशी? डिसेंबर २००७ च्या करारात तोडगा निघाला: १०,००० युरो एकदाच भरायचे, दस्तऐवज गुप्त, पण त्यावरून लिहिलेला कोड खुला. पेटंटचा परवाना सांबाने घेतला नाही; कोणती पेटंटे टाळायची, त्यांची यादी मात्र मागून घेतली.

पाच वर्षांनी, डिसेंबर २०१२ मध्ये, सांबा ४.० आले. आता लिनक्सचा सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर म्हणूनही उभा राहू शकत होता.