वाहनाचें वजन, वाटेची स्थिति व वैरणीचा खर्च : नांदेड-लातूर टापूच्या वाहतुकीसंबंधीं कांहीं विचार

जुन्या दप्तरांत वाहतुकीचे जे कागद हातीं येतात त्यांतून बैल किती गेले, माल कोणता गेला व भाडें काय पडलें एवढें संशोधक टिपून घेतात. त्याच कागदांतील कडबा, सरकी, पेंड व वंगण यांच्या रकमा मात्र किरकोळ समजून गाळल्या जातात. आमच्या मतें वाहतुकीच्या इतिहासाचें मर्म या गाळलेल्या रकमांतच आहे. बैलाला जो कडबा तोच एंजिनाला कोळसा व मोटारीला डिझेल. वाहन स्वतः किती जड, त्यावर माल किती व खालची वाट कसली, या तीन गोष्टींवर हें जळण ठरतें; आणि बाजार कोठें वसेल व दुष्काळांत धान्य कोठवर पोंचेल हें पुष्कळ अंशीं जळणावर ठरतें.

या विचारास नांदेड-लातूरचा टापू फार सोयीचा आहे. नांदेड गोदावरीच्या कांठीं सखल भागांत; लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेडहून दीडशें मीटरांपेक्षां अधिक उंचीवर. लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेनें दोहोंमध्यें सुमारें १४० किलोमीटर अंतर पडतें. जमीन बहुतेक काळी. चैत्रांत ती दगडासारखी टणक होऊन भेगाळते आणि आषाढांत तीच चाकाला चिकटून चाकाचा आकार दुप्पट करते. लोखंडी धांव बसविलेल्या चाकाची गाडी पक्क्या सडकेवर ओढावयास दर टनामागें सुमारें २५ किलोंचा जोर लागतो. काळ्या चिखलांत तोच जोर १०० ते २०० किलोंवर जातो. बैल दिवसभर टिकून जो जोर लावतो तो त्याच्या अंगच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे चांगल्या जोडीचा ८० किलो धरावा. मोकळी लांकडी गाडीच तीनशें-साडेतीनशें किलोंची. तेव्हां भर पावसाळ्यांत जोडीचा बहुतेक जोर गाडी ओढण्यांतच संपतो व मालासाठीं जवळजवळ कांहींच उरत नाहीं. पावसाळ्यांत गाड्या बंद ठेवण्याची जुनी रीत आळसाची नव्हती, हिशेबाची होती.

हा हिशेब आपल्या शास्त्रकारांस अपरिचित नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत गोध्यक्षाच्या प्रकरणीं वेसण घातलेल्या, घोड्याच्या बरोबरीनें चालणाऱ्या वाहक बैलांची तैनात दिली आहे: अर्धा भार हिरवी वैरण, त्याच्या दुप्पट गवत, एक तुला पेंड, दहा आढक कोंडा व पांच पल मीठ. साध्या गुरांपासून वेगवान् बैल वेगळा काढून त्याची तैनात स्वतंत्र सांगितली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वेग वाढला कीं वैरण वाढते हें त्यांत गृहीत आहे. नावध्यक्षाच्या प्रकरणीं नदी उतरण्याचें मोल लघुयानास ५ माष, बैलगाडीस ६ व मोठ्या शकटास ७ असें चढतें लाविलें आहे. वाहनाच्या आकारमानावर कर बसविण्याचें हें आपल्याकडील बरेंच जुनें उदाहरण होय.

आतां लमाणांच्या तांड्यांकडे वळूं. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याचें प्रवासवर्णन १६७६ सालीं प्रसिद्ध झालें. सुरतेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या वाटेच्या मुक्कामांत त्यानें नांदेड नोंदलें आहे. दहा-बारा हजार बैलांचे तांडे त्यानें पाहिले. एका बैलावर ३०० ते ३५० लिव्हर, म्हणजे सुमारें दीडशें किलो किंवा किंचित् अधिक ओझें असे. माल लादलेल्या मोठ्या गाड्यांस मात्र दहा-दहा, बारा-बारा बैल जुंपलेले त्यानें सांगितले आहेत. गाडी सोडून पाठाळ बैल कां वापरीत, या प्रश्नास मागासलेपणा हें उत्तर पुष्कळांनीं दिलें आहे. तें आम्हांस पटत नाहीं. पाठाळ बैलाला गोणीपलीकडे दुसरें मृत वजन वाहावें लागत नाहीं, त्याला सडक लागत नाहीं, आणि तो वाटेंत चरतो. ज्या वाहनाचें जळण वाटेवर फुकट उगवतें त्यानें मंद चालावें यांतच शहाणपण आहे.

पण गवत नसेल तर? तांड्याची मजल चौदा किलोमीटर धरली तर नांदेडहून लातूर दहा दिवसांची वाट, जाऊन-येऊन वीस दिवस. बैलाला रोज सात किलो कोरडी वैरण धरली तर वीस दिवसांची १४० किलो झाली. दीडशें किलोंच्या ओझ्यांत ती बरोबर न्यावयाची म्हटल्यास धान्याला दहा किलो जागा उरते! तेंच सुक्या, टणक वाटेवर जोडीच्या गाडीनें ८०० किलो नेले व रोज वीस किलोमीटरांची मजल धरली, तर चौदा दिवसांत दोन बैलांस सुमारें दोनशें किलो वैरण पुरते व सुमारें सहाशें किलो धान्य पोंचतें. सन १६३० ते १६३२ च्या दक्षिणेंतील दुष्काळांत एका प्रांतांतील धान्य दुसऱ्या प्रांताच्या उपयोगीं कां पडत नसे, याचें एक मोठें कारण या अंकांत आहे. पाऊस गेला म्हणजे पिकाबरोबर चाराही जातो. म्हणजे ज्या वर्षीं धान्य हलविणें सर्वांत जरूर, त्याच वर्षीं हलविण्याचें साधन उपाशी मरतें. शहाजहानच्या दक्षिण-मोहिमेंत आसफखानानें भंगी व जंगी नाईकांस ताम्रपट देऊन छपराचें गवतसुद्धां घेण्याची मुभा दिली, अशी बंजाऱ्यांची परंपरा आहे. ताम्रपटाच्या खरेखोटेपणाचा वाद कांहींही असो, परंपरेंत पाण्यानंतर लगेच गवतच मागितलें आहे, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

लष्कराचीही हीच गोष्ट. सन १७६० च्या आरंभीं उदगीर-औशाच्या टापूंत निजामाची फौज तोफांचा गराडा करून चालली होती. तोफ रक्षण करी हें खरें. पण जी फौज तोफेच्या बैलाच्या चालीनें चालते तिला चारा मिळूं न देणें एवढेंच शत्रूला पुरतें. भाऊसाहेबांच्या विजयाचें श्रेय बहुधा समशेरीला व इब्राहिमखान गारद्याच्या तोफांना दिलें जातें. त्यांतला थोडा वांटा या चालीलाही द्यावा. याच टापूंतील लाल कंधारी व देवणी या जातींचे बैल ओढीसाठीं नांवाजलेले आहेत, हा योगायोग नव्हे.

वाहनाचेंच वजन कमी करावें हा विचार पद्धतशीरपणें येथें प्रथम आणला तो बार्शी लाइट रेल्वेनें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग कापसाच्या बार्शी पेठेस टाळून गेला व माल गाड्यांनीं स्टेशनापर्यंत न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७-१९२७) या अभियंत्यानें अडीच फूट रुंदीचा रूळमार्ग योजला. इंजिन, डबा, वाघीण कोणतीही असो, एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं हा त्याचा नियम. त्यामुळें यार्डास ३० पौंडांचा हलका रूळ पुरला. वाघिणींचे सांगाडे दाबीव पोलादाचे केले, कीं मोकळें वजन घटून मालाचा वांटा वाढावा. लीड्सजवळ न्यूले येथें या गाड्यांची चाचणी झाली, १८९७ सालीं बार्शीपर्यंत मार्ग सुरू झाला व १९११ सालीं तो लातुरास पोंचला. पुढें लातुरास धान्य व कापसाची जी मोठी पेठ उभी राहिली तिचा पाया या पांच टनांच्या आंसावर आहे, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. कापूस हा माल असा कीं वाघीण वजनानें भरण्यापूर्वीं आकारमानानें भरते. त्याला जड वाघीण देणें म्हणजे कोळसा जाळून पोलाद हिंडविणें. मात्र कुर्डुवाडीस रुंद मार्गावर सर्व माल उतरवून पुन्हां चढवावा लागे, हा हलकेपणाचा दंड होता. १९५४ सालीं हा मार्ग सरकारनें घेतला.

मोटारींविषयीं थोडक्यांत सांगतों. निजाम राज्यांत रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ बसगाड्यांनीं प्रवासी वाहतूक सुरू केली. १९३९-४५ च्या युद्धांत पेट्रोलची टंचाई झाल्यावर हिंदुस्थानांत अनेक बसगाड्यांस लोणारी कोळशाच्या गॅसची भट्टी जोडली गेली. तिच्यानें जोर घटे व भट्टीचें वजन वाढे. जळण स्वस्त झालें तरी पोंच कमी झाली. आज नांदेडहून लातुरास जाणाऱ्या मालमोटारीचा हिशेब तत्त्वतः बैलाचाच आहे. एक टन वजन दीडशें मीटर वर चढविण्यास, एंजिन डिझेलांतील उष्णतेचा तिसरा हिस्सा कामीं लावतें असें धरून, लिटरचा सुमारें आठवा हिस्सा लागतो. दहा टनांस सव्वा लिटर. याखेरीज गांवोगांवीं थांबून पुन्हां वेग घेणें आलें. गति देण्यास लागणारी शक्ति वजनाच्याच प्रमाणांत वाढते. गाडीचें वजन दहा टक्के घटल्यास इंधन पांच ते सात टक्के वांचतें, असा मोटार-अभियंत्यांचा ढोबळ आडाखा आहे. पुण्याची मोटार-संशोधन संस्था १९६६ सालीं स्थापन झाली. तेथील चाचणींत गाडी रोलरांवर ठराविक वेगक्रमानें चालविली जाते; तेथें ना चाकूरचा चढ, ना ऊसाच्या ट्रॉलीमागें रखडणें. चाचणीचा अंक म्हणजे कागदावरची तैनात; खरा खर्च वाटेवर कळतो.

बार्शीचा मार्ग या शतकाच्या पहिल्या दशकांत लातूरपर्यंत व पुढें मिरजेकडे, कांहीं ठिकाणीं वळण बदलून, रुंद झाला. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहर तहानेनें व्याकुळ झालें असतां याच वाटेनें मिरजेहून सुमारें ३४० किलोमीटरांवरून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या गाडीस १० वाघिणी, प्रत्येकींत ५० हजार लिटर. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ३,८२,९४० होती, म्हणजे माणशीं सव्वा लिटरच्या वर. पुढें ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी येऊं लागली. पांच टनांच्या आंसावर हें झालें नसतें. चार आंसांच्या वाघिणीचें माल धरून सर्व वजन वीस टनांवर गेलें नसतें. हलकेपणा हा मालाच्या जातीप्रमाणें गुण किंवा दोष ठरतो. तावेर्नियेच्या काळीं २५ लाख लिटर पाणी आणावयाचें असतें तर साडेसोळा हजारांहून अधिक बैल, म्हणजे त्यानें पाहिलेल्या तांड्यांपेक्षां मोठा तांडा लागता. आणि मिरजेहून चोवीस दिवसांच्या वाटेंत, रोज चाळीस लिटर धरून, एकेक बैल स्वतःच साडेनऊशें लिटर पाणी प्याला असता, तेंही पाठीवर दीडशें लिटर नेण्यासाठीं.

नांदेड, कंधार, उदगीर, औसा या बाजूच्या ज्या संग्राहकांच्या रुमालांत अडत्यांच्या वह्या किंवा लमाणांचे करार असतील त्यांस आमची विनंती आहे कीं, वैरणीच्या नोंदी उतरून घ्याव्या. नोंदीसोबत महिना, वाट, बैलांची संख्या, माल व परतीचा माल होता किंवा नाहीं एवढें अवश्य लिहावें. मोडी नक्कल करतां न आल्यास नुसता फोटो पाठविला तरी चालेल; वाचन आम्ही करूं.