पगार ठरवणाऱ्यांचा पगार

किरकोळ विक्रीच्या धंद्यात मालाची किंमत वगळली, तर मोठा खर्च उरतो तो माणसांचा. तो आटोक्यात ठेवण्याचे काम मनुष्यबळ खात्याकडे असते. या खात्याच्या प्रमुखाला स्वतःला किती मिळते, हे मात्र बाहेर क्वचितच कळते. अमेरिकेत १९३४च्या रोखेबाजार कायद्यापासून कंपन्यांना वरिष्ठांचे वेतन उघड करावे लागते. पण नावानिशी तपशील असतो तो मुख्याधिकारी आणि सर्वाधिक पगाराच्या मोजक्या अधिकाऱ्यांचा. त्यात मनुष्यबळ प्रमुख सहसा नसतो.

‘होम डेपो’ हा अपवाद. बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक यांनी १९७८ साली स्थापन केलेली ही कंपनी घरदुरुस्तीचे सामान विकते. नारिंगी अ‍ॅप्रन घातलेला, सुतारकाम नि नळकाम जाणणारा विक्रेता हे तिचे खरे भांडवल. डिसेंबर २०००मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधून रॉबर्ट नार्डेली मुख्याधिकारी म्हणून आले. त्यांनी डेनिस डोनोव्हन यांच्या हाती मनुष्यबळ खाते दिले. दुकानादुकानांत या खात्याचा व्यवस्थापक बसला. लष्करातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांना दुकाने चालवण्याचे शिक्षण मिळू लागले. एरवी हजेरी आणि रजा सांभाळणारे खाते कंपनीची घडी बदलण्याचे हत्यार झाले, आणि त्याचा प्रमुख सर्वाधिक पगाराच्या अधिकाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसला.

नार्डेलींच्या सहा वर्षांत विक्री आणि नफा जवळपास दुप्पट झाला, पण शेअरचा भाव जागचा हलला नाही. मे २००६मध्ये विल्मिंग्टनच्या वार्षिक सभेला नार्डेली वगळता संचालक फिरकलेच नाहीत. पगारावरून संतापलेल्या भागधारकांची बोळवण अर्ध्या तासात झाली. जानेवारी २००७मध्ये नार्डेली गेले, ते सुमारे २१ कोटी डॉलर घेऊन. पाठोपाठ डोनोव्हनही गेले. २००८ साली दुकानांतली मनुष्यबळ व्यवस्थापकांची पदे रद्द झाली. ज्या रचनेसाठी वर एवढे मोजले, तिची किंमत खालच्यांनी नोकरी देऊन चुकवली.

२०१०च्या डॉड-फ्रँक कायद्याने मुख्याधिकाऱ्याच्या वेतनाचे मध्यक कर्मचाऱ्याच्या वेतनाशी असलेले प्रमाण सांगणे बंधनकारक केले. सर्व कर्मचारी वेतनाच्या क्रमाने उभे केले, तर बरोबर मधला तो मध्यक. २०१८ साली ‘वॉलमार्ट’ने पहिल्यांदा हे आकडे दिले : मुख्याधिकारी सुमारे २ कोटी २८ लाख डॉलर, मध्यक कर्मचारी १९,१७७ डॉलर, म्हणजे १,१८८ पट. भारतातही २०१३च्या कंपनी कायद्याचे कलम १९७ सूचिबद्ध कंपन्यांकडून संचालकांपुरते असेच प्रमाण मागते.

दोन्हीकडे मनुष्यबळ प्रमुख या गणिताबाहेर राहतो, तो स्वतः संचालक असला तरच भारतात मोजला जातो. वास्तविक दोन्ही टोकांशी संबंध असलेला माणूस तोच. खालच्या वेतनश्रेणी त्याच्या टेबलावर ठरतात, आणि वरच्यांचे वेतन ठरवणाऱ्या संचालक समितीपुढे जाणारे कागदही बहुधा त्याचेच खाते तयार करते. त्या समितीतून मंजूर होणाऱ्या वेतनांत त्याचे स्वतःचेही असते. तराजू ज्याच्या हाती, त्याचे वजन कोणी करायचे, याचे उत्तर कायद्याने अजून दिलेले नाही.