मामांचा ब्राझील

कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या नावानं चालतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सगळी नावं तालमींची, आणि त्यांचे हिशेब चुकते होतात शाहू स्टेडियमवर. वर्ल्डकप आला की मात्र पेठांची फाळणी वेगळीच होते. एका बाजूला ब्राझीलवाले, दुसरीकडे अर्जेंटिनावाले. चौकात कटआउट उभे राहतात, हरलेल्याच्या दारात मुद्दाम फटाके लागतात. बाहेरगावच्या पाहुण्याला हे टीव्हीनं आणलेलं फॅड वाटतं. पण आमचे थोरले मामा टीव्ही यायच्या कितीतरी आधीपासून ब्राझीलचे होते, ब्राझीलची एकही मॅच न बघता.

पेपरातल्या चार ओळींच्या बातम्या, रद्दीतून आणलेली इंग्रजी साप्ताहिकं आणि ग्राउंडवरच्या गप्पा, एवढ्यावर मामांनी आपला ब्राझील जमवला होता. जे मिळालं नाही ते स्वतः भरलं. रात्री जेवणं झाली की सोप्यात आम्हा भाच्यांना बसवून ते सुरू करायचे, आणि सुरुवात कायम शर्टापासून. "आदी ब्राझीलचा शर्ट पांढरा हुता. पन्नास साली घरच्या ग्राउंडवर हरलं, आन् भर मैदानात काढून जाळलं की रं समद्यांनी!"

जाळलंबिळलं कुणी नाही. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम. शेवटची मॅच बरोबरीत सुटली असती तरी कप ब्राझीलचाच होता. तिकीट काढून आलेलेच १ लाख ७३ हजारांवर. फ्रियासानं पहिला गोल केला, उरुग्वेच्या स्कियाफिनोनं बरोबरी साधली आणि मॅच संपायला अकरा मिनिटं असताना घिज्जियानं गोलकीपर बार्बोझा आणि जवळचा पोस्ट यांच्या मधून बॉल आत घातला. उरुग्वे २, ब्राझील १. बार्बोझा २००० साली वारला, तोवर त्या गोलाचं खापर त्याच्या डोक्यावरून उतरलं नाही. निळ्या कॉलरचा पांढरा शर्टही आरोपी ठरला. त्यात म्हणे देशच दिसत नाही. तरी त्यानंतर दोन-तीन वर्षं तोच अंगावर होता. हरलेला शर्ट पेटवून द्यावा, हे खास आमच्या पेठेतलं डोकं.

त्याच वर्ल्डकपला भारताची जागा पक्की होती. अनवाणी खेळू देईनात म्हणून आपण गेलो नाही, ही गोष्ट मामा सांगायचे आणि अजून अर्धा देश सांगतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपले बहुतेक गडी बुटांशिवाय उतरले होते, हे खरं. पण ब्राझील हुकलं त्याची कारणं फार साधी आणि म्हणूनच जास्त चीड आणणारी आहेत. एक तर प्रवास लांबचा, आणि आपल्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांना ऑलिंपिकपुढं वर्ल्डकपची किंमत वाटत नव्हती.

१९५३ साली रिओच्या 'कोरेइयो दा मान्या' या वर्तमानपत्रानं नव्या पोशाखासाठी स्पर्धा लावली. अट अशी की झेंड्यातले हिरवा, पिवळा, निळा, पांढरा हे चारही रंग आले पाहिजेत. चार रंग अंगावर चढवून माणूस विदूषक दिसू नये, ही खरी परीक्षा. जिंकला आल्दिर गार्सिया श्ली, मिसरूड फुटलेलं पोरगं. त्यानं शंभरावर चित्रं काढून पाहिली. शेवटी शर्ट पिवळा, त्याची कॉलर आणि बाह्यांच्या कडा हिरव्या, चड्डी निळी, मोजे पांढरे. खरी गंमत पुढंच आहे. हा पोरगा सरहद्दीवरच्या जाग्वारांव गावचा. नदी ओलांडली की उरुग्वे. आणि मनानं तो उरुग्वेचाच. ज्यांनी ब्राझीलला रडवलं, त्यांच्या माणसानं ब्राझीलला कपडे दिले. मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "म्हंजे दिलबहारच्या पोरानं पाटाकडीलचा शर्ट काढला म्हण की!"

त्यांची दुसरी आवडती गोष्ट १९५८ च्या फायनलची. समोर यजमान स्वीडन, त्यांचाही शर्ट पिवळा. पिवळा कुणी घालायचा याच्या चिठ्ठीत ब्राझील हरलं. ऐन वेळी स्टॉकहोमच्या बाजारातून निळे शर्ट आणले आणि पिवळ्यांवरचे बिल्ले उसवून त्यांवर शिवले. खेळाडू धास्तावले, तेव्हा संघाचे प्रमुख पाउलो माशादो द कार्वाल्यो यांनी सांगितलं की निळा हा ब्राझीलच्या आपारेसिदा मातेच्या वस्त्राचा रंग आहे. मामांच्या सांगण्यात तिची अंबाबाई व्हायची, एवढाच फरक. बाकी गोष्ट जशीच्या तशी खरी. ब्राझील ५-२ नं जिंकलं. सतरा वर्षांच्या पेलेचे दोन गोल.

मामांनी स्वतःसाठी पेठेतल्या शिंप्याकडून १९७० च्या धर्तीचा शर्ट शिवून घेतला होता. गळा गोल आणि हिरवा. नमुना म्हणून दिलेला पेलेचा फोटो कृष्णधवल, त्यामुळं पिवळा आला तो झेंडूचा. पाठीवर हिरव्या कापडाचा कापलेला दहा, हातशिलाईचा. शून्य आतून वेडंवाकडं कातरलेलं, आणि पहिल्याच धुण्यात हिरवा रंग सुटून एकाच्या शेजारी पडलेला डाग. तो शर्ट ते वर्ल्डकपलाच घालायचे.

१९८६ ला शेजारच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर त्यांनी ब्राझीलला खेळताना पाहिलं. फ्रान्सविरुद्धची क्वार्टर फायनल, आपल्याकडं रात्री साडेअकरा. पडद्यावर सगळा करडा रंग, मामा पोरांना बोट दाखवून सांगत होते, "त्यो पिवळा." झिकोची पेनल्टी गोलकीपर बात्सनं अडवली, मग शूटआउटमध्ये सॉक्रेटिसचीही. ब्राझील बाहेर. पुढच्या आठवडाभरात मॅराडोनानं कप नेला आणि माझे दोन मावसभाऊ अर्जेंटिनावाले झाले. मामा त्यांच्याशी गणपतीपर्यंत बोलले नाहीत.

त्यांना १९८२ चा शर्टही आवडायचा, पण त्याच्या बिल्ल्यावर राग. त्यात ज्यूल रिमे कपाबरोबर, म्हणजे जुन्या वर्ल्डकपबरोबर, कॉफीची फांदी घुसवली होती; ब्राझीलच्या कॉफीची जाहिरातच ती. पुढच्याच वर्षी खरा कप रिओतून चोरीला गेला, तो पुन्हा मिळाला नाही. मामांच्या हिशेबी ही कॉफीची शिक्षा. आता तर दर वर्ल्डकपला कॉलर बदलते, कारण नवी विकायची असते. गेल्या काही वर्षांत ब्राझीलमध्ये हा पिवळा शर्ट एका राजकीय गोटाच्या मोर्च्यांचा गणवेश झाला, आणि बऱ्याच लोकांना तो अंगात घालायचा संकोच वाटू लागला. माझ्या मते त्या शर्टाला १९५० पेक्षा हा पराभव जास्त लागला. तो शर्ट रेखाटणाऱ्या श्लीला लष्करी राजवटीत तुरुंगवास झाला होता, हे मोर्चेवाल्यांना कुणी सांगायला हवं होतं.

श्ली पुढं लेखक आणि प्राध्यापक झाला. शेवटपर्यंत तो उरुग्वेचाच राहिला. १५ नोव्हेंबर २०१८ ला तो वारला. दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये ब्राझील आणि उरुग्वेची मॅच होती. नेमारच्या पेनल्टीवर ब्राझील १-० नं जिंकलं.