वेंगुर्ल्याची शांतता

दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली, म्हणजे मध्यम स्थितींतील घरांत एक जुनाच प्रश्न नव्यानें निघतो. यंदा समुद्रावर जावयाचें तें कोठें? मुलांस वाळू पाहिजे, वडील मंडळींस निवांतपणा पाहिजे, गृहिणीस चार दिवस चुलीपासून सुटका पाहिजे, आणि गृहस्थास हें सर्व बेताच्या खर्चांत पाहिजे. गोव्याचें नांव निघतें, आणि तेथील गर्दीची आठवण होऊन मागें पडतें. मग कोणी तरी म्हणतो, 'एखादें शांत, फारसें सुधारलेलें नसलेलें गांव पाहा.' सल्ला चांगला आहे. परंतु तो देणारा व घेणारा या दोघांच्याहि मनांत एक समजूत असते, कीं असें गांव म्हणजे आरंभापासून माडांच्या सावलींत निजलेलें व अजून जागें न झालेलें गांव. इतिहास पाहूं गेल्यास ही समजूत टिकत नाहीं. आपल्या किनाऱ्यावरील शांत गांवांपैकीं बरींचशीं एके काळीं गजबजलेलीं होतीं. त्यांची शांतता जन्मजात नव्हे, ती मागाहून आलेली आहे. ती कशी आली हें जाणल्यावांचून गांवाची निवड करणें म्हणजे पोथी न उघडतां तिच्या रुमालावरून पारायण ठरविण्यासारखें आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वेंगुर्लें हें या दृष्टीनें विचार करण्याजोगें गांव आहे. गोव्याच्या उत्तर सीमेपासून तें फार दूर नाहीं. बंदराशीं डोंगराची एक सोंड समुद्रांत उतरली आहे. तिच्या एका अंगास धक्का, होड्या व मासळीचा लिलाव, आणि दुसऱ्या अंगास सागरेश्वराचा लांबच लांब वालुकामय किनारा. दक्षिणेस मोचेमाड व शिरोडें, उत्तरेस वायंगणी व निवती. गांवांत कौलारू घरें, आंबा-काजूच्या बागा, आणि संध्याकाळीं ऐकूं येण्याइतका समुद्राचा आवाज. २०११ च्या खानेसुमारींत या गांवाची वस्ती साडेबारा हजारांच्याहि आंत भरली. यावरून कोणी म्हणेल, हें लहानसें गांव हळूहळू वाढत असावें. पण १९०१ सालीं याच गांवाची वस्ती सुमारें १९ हजार होती! सगळ्या देशाची लोकसंख्या कितीतरी पटींनीं वाढत असतां एक बंदर लहान होत गेलें. हा आंकडा ज्याच्या ध्यानांत राहील, तो वेंगुर्ल्यास 'मागासलेलें' म्हणणार नाहीं. मागासलेला म्हणजे जो पुढें गेलाच नाहीं तो. वेंगुर्लें पुढें गेलें होतें. त्यास मागें सोडून देण्यांत आलें.

या कथेचा आरंभ, मौजेची गोष्ट ही कीं, गोव्यापासूनच होतो. सतराव्या शतकांत पूर्वेकडील व्यापार पोर्तुगीजांच्या हातून काढून घेण्याच्या ईर्षेनें डच लोक पेटले होते. गोवा जिंकणें सोपें नव्हतें, म्हणून त्यांनीं त्याची कोंडी आरंभिली. १६३६ पासून पुढें कितीएक वर्षें पावसाळा सरला कीं डच जहाजें मांडवीच्या मुखापुढें येऊन ठाकत व दुसरा पावसाळा तोंडावर येईतों हलत नसत. इतके महिने समुद्रावर राहावयाचें तर गोडें पाणी पाहिजे, तांदूळ पाहिजे, ताजें अन्न पाहिजे, आणि शत्रूच्या घरांत काय चाललें आहे याची बातमीहि पाहिजे. हें सारें देणारें जवळचें बंदर म्हणजे वेंगुर्लें. तें तेव्हां विजापूरकरांच्या अमलांत होतें. १६३७ सालीं आदिलशाहाकडून परवानगी मिळवून डचांनीं येथें ठाणें घातलें, आणि पुढें तटबंदीची वखार उभारली. १६४८ च्या आरंभीं टाव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या बाजूनें गेला, तेव्हां गोव्याची नाकेबंदी करणारीं डच जहाजें येथूनच पाणी व शिधा घेतात, ही गोष्ट त्यानेंहि टिपून ठेवली आहे. युरोपीय लोक या गांवास 'मिंग्रेला' म्हणत. त्या काळच्या आम्स्टरडॅमांतल्या व्यापाऱ्यास कोकणांतील गांवांपैकीं ज्या थोड्यांचीं नांवें ठाऊक असतील, त्यांत हें एक होतें.

परंतु हें वैभव वेंगुर्ल्याचें स्वतःचें नव्हतें. डच आले ते वेंगुर्ल्यासाठीं नव्हे, गोव्यासाठीं. १६६३ च्या सुमारास डच-पोर्तुगीजांचें वैर मिटलें, गोव्याची कोंडी करण्याचें प्रयोजन संपलें, आणि वखारीचें तेज उतरूं लागलें. दरम्यान गांवावर दोन वेळां आग फिरली. १६६४ सालीं मराठी फौजांकडून व १६७५ सालीं मोगलांकडून. पुढें सावंतांची सत्ता, आंग्र्यांची लूट, असे नाना प्रसंग गांवानें सोसले. आज त्या वखारीच्या भिंती गांवांतच उभ्या आहेत. छप्पर केव्हांच गेलें. दगडांच्या सांध्यांतून झाडांचीं मुळें उतरलीं आहेत. सुटीस आलेला मनुष्य तेथें छायाचित्र घेतो व निघून जातो. पण क्षणभर थांबून त्यानें विचारावें, कीं ज्यांनीं एवढा चिरा रचला ते गेले कां? त्यांस कोणी हांकलून दिलें नाहीं. त्यांचें काम संपलें, इतकेंच.

डचांच्या मागून इंग्रज आले. १७७२ सालीं त्यांनीं येथें वखार घातली, आणि १८१२ सालीं सावंतवाडी संस्थानाकडून हें बंदर कायमचें त्यांच्या हातीं गेलें. त्यांचें लक्ष गोव्यावर नव्हतें, घाटावर होतें. बेळगांवच्या व त्यापलीकडील छावण्यांस रसद पोंचविण्यास जवळचा समुद्र वेंगुर्ल्याचा. म्हणून बंदरापासून सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढून बेळगांवास जाणारा रस्ता तयार झाला. आज जें आंबोली आपण थंड हवेचें ठिकाण म्हणून ओळखतों, तें या रस्त्यावरील एका मुक्कामांतूनच वाढलेलें आहे. १८६९ सालीं बंदरावर दीपगृह उभें राहिलें. घाटावरून कापूस व धान्य गाड्यांनीं उतरावें, बंदरांतून मीठ, नारळ व परदेशी माल वर चढावा, अशी ही रहदारी होती. गाडीवान, हमाल, खलाशी, अडते, कारकून, या साऱ्यांचा संसार तिच्यावर चाले.

आणि मग आगगाडी आली. पण वेंगुर्ल्यास नव्हे. १८७८ सालीं इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्यें तह झाला, आणि मुरगांव बंदर लोहमार्गानें घाटावरील मुलखास जोडण्याचें ठरलें. १८८८ सालीं कॅसल रॉकवरून हा मार्ग पुरा झाला. जो माल बैलगाड्यांनीं दिवसेंदिवस आंबोलीचा घाट उतरत असे, तो आतां डब्यांत बसून थेट मुरगांवच्या धक्क्यास लागूं लागला. दोन सरकारांनीं कागदावर सह्या केल्या. त्यांत वेंगुर्ल्याचा उल्लेख असण्याचें कारणच नव्हतें. पण त्या सह्यांनीं या बंदराच्या बाजारपेठेचा कणा मोडला. ज्या गोव्याची कोंडी करण्यासाठीं वेंगुर्लें उदयास आलें, त्याच गोव्यानें अडीचशें वर्षांनीं एक गोळीहि न झाडतां वेंगुर्ल्याची कोंडी केली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्यानंतर बंदरावर जी वर्दळ राहिली ती मालाची कमी आणि माणसांची अधिक. मुंबईच्या बोटी दूर नांगर टाकून उभ्या राहत, पडाव उतारू घेऊन किनाऱ्याशीं येत, आणि गांवचा तरुण त्याच पडावांतून गिरणीच्या, कचेरीच्या किंवा घरकामाच्या चाकरीवर निघून जाई. गणपतीस अगर शिमग्यास तो चाकरमानी होऊन परत येई. एकोणीस हजारांचे बारा हजार कसे झाले, याचें उत्तर या पडावांत आहे. पुढें विसावें शतक संपण्यापूर्वींच बोटीहि बंद झाल्या. १९९८ सालीं कोकण रेल्वे पूर्ण झाली. तिच्यासाठीं आग्रह धरणाऱ्यांत अग्रभागीं असलेले बॅरिस्टर नाथ पै यांचा जन्म याच वेंगुर्ल्याचा. परंतु ती गाडीहि कुडाळ-सावंतवाडीवरून, किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आंतून गेली. मोठा हमरस्ताहि तिकडूनच गेलेला. असें हें गांव पुन्हां एकदां बाजूस राहिलें.

तेव्हां आपण जिला शांतता म्हणतों, ती अशी तयार झालेली आहे. आपल्यास मोकळा वाटणारा किनारा हा कोणाचा तरी ओस पडलेला धक्का आहे, आणि आपल्यास भाड्यानें मिळणारी माडीवरील खोली ही मुंबईस गेलेल्या कोणा मुलाची खोली आहे. हें ध्यानांत घेतलें म्हणजे प्रवाशाच्या आनंदांत थोडें गांभीर्य मिसळावें, हें योग्यच आहे.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२१ सालीं वेंगुर्लें तालुक्यांतच चिपीच्या माळावर विमानतळ उघडला, आणि पुढच्याच वर्षीं सीमेपलीकडे गोव्यांत मोपा येथें दुसरा. ज्या गांवास लोहमार्गानें दोन वेळां टाळलें, त्याच्या जवळ आतां आकाशमार्ग येऊन पोंचला आहे. यापुढें येणारा परका डच नव्हे, इंग्रजहि नव्हे. तो आपण आहों. आणि आपणहि, डचांप्रमाणेंच, बहुधा गोव्याच्या निमित्तानें येतों. त्यांस गोवा मिळत नव्हता म्हणून ते येथें आले. आपल्यास गोव्यांत जागा मिळत नाहीं म्हणून आपण येथें येतों. या तिसऱ्या वखारीचें प्रयोजन संपल्यावर मागें काय राहील?

'मग येथें कांहींच होऊं नये काय?' असें येथील माणूस विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. शहरांत सर्व सोयी भोगून चार दिवसांपुरती आलेली मंडळी गांवानें जुनेंच राहावें अशी इच्छा करतात, तेव्हां त्यांत रसिकतेपेक्षां स्वार्थच अधिक असतो. येथील मुलीस चांगलें महाविद्यालय पाहिजे, म्हाताऱ्यास रात्रीं अपरात्रीं डॉक्टर पाहिजे, तरुणास घरीं राहून पोट भरतां आलें पाहिजे. आपल्या विश्रांतीसाठीं दुसऱ्यानें दरिद्री राहावें, असें म्हणण्याचा अधिकार कोणासच नाहीं. पण दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. १९६१ नंतर गोव्याचे कळंगुटसारखे किनारे जगास ठाऊक झाले, तेथें पैसा आला, आणि त्याबरोबर जमिनीचा भाव मूळच्या माणसाच्या आंवाक्याबाहेर गेला. १९९१ सालीं भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यांतील बांधकामावर निर्बंध घालणारा नियम केंद्र सरकारास करावा लागला, तो उगाच नव्हे. समुद्र विकत घेतां येत नाहीं. म्हणून लोक त्याचा कांठ विकत घेतात.

या दोन टोकांमधून मार्ग काढावयाचा तर वेंगुर्ल्याचा इतिहासच एक कसोटी देतो. जें गांव केवळ दुसऱ्याच्या गरजेवर उभें राहिलें, तें ती गरज सरतांच बसलें. जें स्वतःच्या धंद्यावर उभें असेल, तें पाहुणे आले तरी टिकेल, न आले तरी टिकेल. म्हणून समुद्रकांठचें गांव निवडतांना तेथें काय 'नाहीं' हें न पाहतां, आपल्यावांचून तेथें काय चालतें, हें पाहावें. वेंगुर्ल्यांत तें पुष्कळ आहे. पहांटे मासळीचा लिलाव होतो, तो पाहुण्यांसाठीं नव्हे. १९५७ सालीं येथें फळसंशोधन केंद्र निघालें. तेथें तयार झालेल्या काजूच्या जाती 'वेंगुर्ला' या नांवानें कोकणाबाहेरहि लावल्या जातात. पोर्तुगीजांनीं ब्राझीलमधून आणलेल्या झाडास या गांवानें स्वतःचें नांव दिलें, हा विजय लहान नव्हे. शेजारच्या शिरोड्यास मिठागरें आहेत. १९३० सालीं तेथें मिठाचा सत्याग्रह झाला, आणि तेथल्याच शाळेंत वि. स. खांडेकरांनीं १९२० पासून अठरा वर्षें मुलें शिकविलीं. २०१५ नंतरच्या वर्षांत येथील नगरपरिषदेनें कचऱ्याची बारकाईनें वर्गवारी करून कचरा टाकण्याच्या जागेचें उद्यान केलें. या गांवास 'न सुधारलेलें' म्हणावयाचें, तर आधीं आपल्या शहरांतील कोपरे पाहून यावें.

अशा गांवीं जावें. परंतु गिऱ्हाईक म्हणून जाऊं नये, पाहुणा म्हणून जावें. पाहुणा घरांतलें अन्न मागतो, आपल्या घरचें पक्वान्न येथें कां नाहीं म्हणून रुसत नाहीं. पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं कोळी होडी ओढून घेतात. पाहुण्यानेंहि तेव्हां पाण्यांत उतरूं नये. माशाची कढी, भात आणि सोलकढी यांवर चार दिवस सुखानें निघतात. वायंगणीच्या वाळूंत कासवें अंडीं घालावयास येतात. त्यांच्या वाटेंत दिवे व गोंगाट नेऊं नयेत. पैसा द्यावा तो गांवांतल्या खाणावळींत, गांवांतल्या दुकानांत द्यावा. आणि वखारीपाशीं जाल तर तिच्या भिंतीवर नांव कोरूं नये. ज्यांनीं ती बांधली, त्यांपैकीं कोणाचें नांव आज गांवास आठवत नाहीं. जे राहिले, ते मात्र अजून रोज पहांटे होडी पाण्यांत लोटतात.