पांढुर्णा–सौसर

पांढुर्णा–सौसर : मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवरचा, महाराष्ट्रातील विदर्भाला भिडलेला मराठीबहुल मुलूख व त्यातील दोन प्रमुख गावे. पांढुर्णा हे जाम नदीकाठचे शहर असून २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे ४५ हजार होती. दिल्ली–चेन्नई लोहमार्गावर नागपूर व इटारसी यांच्या दरम्यान त्याचे स्थानक आहे. सौसर (हिंदीत ‘सौंसर’) हे नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरचे तहसिलीचे गाव. जाम नदीचे पाणी कन्हान व वैनगंगा यांच्या वाटेने अखेर गोदावरीला मिळते. पूर्वी हा सर्व भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौसर या तहसिली आणि नांदनवाडीचा भाग मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. संत्री आणि कापूस ही येथील ओळखीची पिके.

या मुलखाला हिंदी प्रदेशातले ‘मराठी बेट’ म्हणण्याची सवय आहे. राज्याचा नकाशा समोर ठेवला तर शब्द चपखल वाटतो, कारण कारभाराची भाषा हिंदी, राजधानी दूर भोपाळला आणि येथल्या बाजारात बोली मात्र नागपुरी–वऱ्हाडी वळणाची. पण बेटाला चारही बाजूंनी पाणी लागते. येथे ते एकाच बाजूला, उत्तरेला, आहे आणि तेही सातपुड्याच्या घाटाच्या रूपाने. दक्षिणेकडे जमीन, शेत आणि बोली सलग पुढे सरकत जातात. म्हणून भूगोलाच्या भाषेत हे बेट नव्हे, भूशिर आहे. ही गोष्ट पुस्तकापेक्षा बसच्या रस्त्यावर लवकर पटते, कारण बस सीमाही ओलांडते आणि घाटही चढते, आणि दोहोंतले अंतर प्रवाशाला खिडकीतून दिसते.

या मुलखाचे बसमार्ग एका त्रिकोणात बसतात. नागपूर जिल्ह्यातील सावनेर हे त्याचे दक्षिण टोक. तेथून राष्ट्रीय महामार्ग ४७ वायव्येला पांढुर्णा, मुलताई, बैतूलकडे जातो, तर ५४७ उत्तरेला सौसर, छिंदवाड्याकडे. पांढुर्णा–सौसर हा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता त्रिकोणाची तिसरी बाजू. पहिल्या बाजूवर बडचिचोली, दुसरीवर सातनूर आणि बोरगावचे औद्योगिक क्षेत्र लागते. तिसऱ्या बाजूने जामसावळीला जाता येते. तेथे पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमानाचे देवस्थान असून शनिवारी, मंगळवारी व हनुमान जयंतीला दोन्ही राज्यांतून माणसे येतात. लोधीखेडा, पिपळा नारायणवार, रामाकोना आणि अर्धनारीश्वराच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले मोहगाव हवेली ही गावे सौसरच्या भोवताली पसरली आहेत. सावनेरहून निघालेली गाडी राज्याची सीमा ओलांडते तेव्हा पाट्यांवरची हिंदी आणि पेट्रोलचा भाव सोडला तर फारसे काही बदलत नाही. संत्र्याच्या बागा आणि काळी जमीन तशीच पुढे चालू राहते. खरा बदल सौसरच्या पुढे, सिल्लेवानीच्या घाटात होतो. गाडी वळणे घेत साग–बांबूच्या जंगलातून वर येते आणि पठारावर पोचते, तेथे मक्याची शेते आणि हिंदी–बुंदेली वळणाची बोली सुरू होते. पांढुर्ण्याच्या बाजूलाही असेच आहे. तिगाव–चिचोंडा घाट चढून रेल्वे मुलताईला जाते आणि मुलताई हे तापीचे उगमस्थान. म्हणजे त्या घाटाच्या माथ्याजवळ पाण्याचीही वाटणी होते : खालचे बंगालच्या उपसागराकडे, वरचे अरबी समुद्राकडे.

घाटाची ही रेषा आजच्या प्रवाशाला सुचलेली नाही. ब्रिटिश काळातील गॅझेटिअरांनी छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग मानले होते : घाटावरचा ‘बालाघाट’ आणि घाटाखालचा ‘जेरघाट’. जेरघाट म्हणजेच मुख्यतः जुनी सौसर तहसील, आणि पांढुर्णा तेव्हा तिच्यातच मोडत असे. या सखल भागातली काळी कसदार जमीन कापसाला मानवणारी. तिच्यावर कुणबी शेतकऱ्यांची वस्ती झाली, तशी ती नागपूर–वऱ्हाडातही झाली. पुढे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी यांच्या बरोबरीने येथेही संत्र्याचा पट्टा उभा राहिला. आंबिया आणि मृग बहाराचे हिशेब सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहेत, आणि पावसाने दगा दिला की बागाईतदारांची चिंताही एकच असते. राजकीय इतिहासही याच दिशेने वाहतो. घाटावरच्या देवगडच्या गोंड राज्याचा राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले. त्या राज्याची सूत्रे नंतर नागपूरकर भोसल्यांकडे गेली. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हा राजधानी नागपूरच राहिली. जिल्ह्याचे ठिकाण छिंदवाडा आणि प्रांताची राजधानी नागपूर यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या जवळजवळ मध्यावर सौसर होते. सुमारे पंचाण्णव वर्षे हे गाव कडेचे नव्हते, वाटेवरचे होते.

ते कडेचे झाले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. राज्य पुनर्रचनेत जुन्या मध्य प्रदेशातील बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि राजधानी भोपाळला हलली. वाटणी मुख्यतः जिल्ह्यांच्या हिशेबाने झाली. छिंदवाडा जिल्हा एकूण पाहता हिंदी–गोंडी भाषकांचा; त्यामुळे त्याची मराठी तहसीलही त्याच्याबरोबर राहिली. आंध्र–मद्रास सीमेसाठी पुढे पाटसकर सूत्राने खेडे हा घटक धरला आणि बेळगावच्या वादातही महाराष्ट्राची मागणी खेडे घटक धरण्याचीच राहिली. ते माप येथे लागले असते तर सीमारेषा कोठून गेली असती, हा तर्काचा विषय आहे. पण आज ज्याला ‘बेट’ म्हटले जाते ते मोजमापाचा घटक ठरवताना तयार झाले, एवढे निश्चित.

यावर पहिला आक्षेप असा, की नागपूर हे महानगर आहे. दवाखाना, महाविद्यालय आणि ठोक बाजार यांसाठी सिवनी, बालाघाट आणि खुद्द छिंदवाडा येथूनही लोक तेथे जातात. मग नागपूरकडे जाणाऱ्या भरल्या गाड्यांवरून काय सिद्ध होते? आक्षेप खरा आहे आणि तेवढ्यापुरता तो पुरावा सोडून द्यायला हवा. पण मोठे शहर लागत नाही अशा गोष्टी उरतात : सोयरीक, आठवडी बाजार, बैलांचा सण, जत्रा, शेतमजुरीचे हंगाम. या बाबतीत सौसरच्या खेड्यांचा व्यवहार सावनेर, केळवद, नरखेड अशा लहान गावांशी आहे, आणि ही ओढ महानगराच्या आकारातून निघत नाही. दुसरा आक्षेप, बसचे मार्ग शासन ठरवते, त्यामुळे ते समाजाचे चित्र दाखवत नाहीत. मध्य प्रदेशात ही अडचण उलट कमी आहे. तेथील राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला आणि नंतर वाहतूक खासगी मालकांच्या हाती गेली. परमिट सरकारी असले तरी खासगी गाडी अखेर प्रवासी असतील तेथेच टिकते. आंतरराज्य फेरीला दोन राज्यांचा परस्पर करार आणि दोन्हीकडचे कर लागतात. एवढे करूनही सीमा ओलांडणाऱ्या गाड्या चालतात, त्या अर्थी त्यांच्यामागची गरज कागदापेक्षा जुनी असली पाहिजे. नागपूर–छिंदवाडा ही अरुंद मापाची रेल्वे २०१५ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हा त्या वाटेवरच्या खेड्यांचा बराचसा भार रस्त्यानेच उचलला.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा मुलूख केवळ मराठीचा नाही. गोंड समाज येथला जुना रहिवासी आहे आणि पांढुर्णा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. पवार (भोयर) समाजाची पवारी बोली तर बैतूल–मुलताईपासून पांढुर्णा–सौसरमार्गे वर्ध्यापर्यंत पसरली आहे. तिने घाटही मानला नाही आणि राज्याची सीमाही नाही. शिवाय १९५६ नंतरच्या पिढ्या हिंदीच्या शाळांत वाढल्या. घरी मराठी आणि अर्जावर हिंदी, हा येथला रिवाज आहे. तेव्हा घाट ही भिंत आहे असे म्हणणे चूक ठरेल. तो किनारा आहे, आणि किनाऱ्यावरून ये-जा होतच असते. भूशिराची कल्पना हे सामावून घेते. बेटाची कल्पना मात्र दक्षिणेलाही पाणी मानायला लावते, जे तेथे नाही.

बाहेरच्या जगाला पांढुर्णा ठाऊक आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरचे लोक ते मिळवण्यासाठी एकमेकांवर दगडफेक करतात. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत असताना दोघांचा दगडांखाली अंत झाला, अशी आख्यायिका सांगतात. झाड शेवटी चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होते. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, मृत्यूही झाले आहेत; प्रशासनाच्या बंदीला आणि पर्यायांना फारसे यश आलेले नाही. ही प्रथा येथल्या एकाकीपणाची खूण मानली जाते, पण तिचा दिवस पाहिला पाहिजे. हा दिवस पोळ्याला बांधलेला आहे, आणि ज्या अमावस्येला पोळा येतो तिला मराठी पंचांग श्रावणातली मानते, तर उत्तरेकडचे पंचांग भाद्रपदातली. पोळा छत्तीसगडातही असतो, म्हणून तो एकटा पुरावा नव्हे. मात्र दोन महिन्यांच्या नावांनी ओळखली जाणारी ही एकच तिथी, दोन पंचांगे या घाटाजवळ कशी भेटतात ते दाखवते.

२०२३ चा नवा जिल्हा हा या मांडणीवरचा शेवटचा आक्षेप म्हणून पुढे करता येईल : पांढुर्ण्याला स्वतःचे मुख्यालय मिळाले, आता त्याची नाळ विदर्भाशी जोडण्याचे कारण उरले नाही. परंतु या जिल्ह्याची हद्द पाहिली तर ती जुन्या सौसर तहसिलीशी, म्हणजे गॅझेटिअरातल्या जेरघाटाशी, बरीचशी जुळते. राज्य न बदलता, भाषेचा उल्लेखही न करता, शासनाने घाट ही रेषा पुन्हा कागदावर आणली. सौसरहून जिल्ह्याच्या कचेरीत जाणाऱ्या माणसाला आता सिल्लेवानीचा घाट चढावा लागत नाही. त्याची बस जामसावळीच्या वाटेने, सपाट काळ्या जमिनीवरूनच पांढुर्ण्याला पोचते.